अलिबागहून आलात का?

'मी काय अलिबागहून आलोय का?' हा प्रश्न मुंबई-ठाण्यात इतका सहज तोंडातून जातो, की त्यात एका जिल्ह्याच्या अख्ख्या मुख्यालयाला वेड्यात काढलं जातंय हे विचारणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. 'मला काय खुळा समजलास' एवढाच त्याचा अर्थ. त्यात अलिबागच का, याला जितकी तोंडं तितकी उत्तरं. हा वाक्प्रचार बंद करा अशी मागणी घेऊन एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, त्यात अपमान मानू नका, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. माणसांच्या तोंडापुरता तो निकाल रास्तच होता. पण हाच प्रश्न उठता-बसता विचारणारा एक पक्ष त्या दिवशी न्यायालयासमोर आलाच नाही. तो सगळ्यांच्या खिशात होता आणि बहुधा सायलेंटवर होता. मोबाइलमधलं ॲप अलिबागचं नाव घेत नाही. पण 'गूगलने लॉगिन करा' हे बटण दाबून पुढच्या पडद्यावर आपण 'नको' म्हटलं, की ते लाल अक्षरांत आणि उद्गारचिन्हासकट जे 'अरेरे! काहीतरी चुकलं' म्हणतं, त्याचा खरा अर्थ तोच असतो. चुकलेलं काहीच नसतं. आपण फक्त विचार बदललेला असतो. नकार वेगळा आणि बिघाड वेगळा, हे शेंबड्या पोरालाही कळतं; कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या ॲपला कळत नाही. आणि माझं म्हणणं असं, की हा फरक शिकायचा तर त्या ॲपने खरोखरच अलिबागहून यायला हवं होतं.

आधी ही भानगड काय ते पाहू. तिचं नाव सिंगल साइन-ऑन. एका ठिकाणी ओळख पटवायची आणि त्या ओळखीच्या भरवशावर दहा ठिकाणी शिरायचं. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला येणाऱ्या बोटीत बसलेल्याला हे समजावून सांगायला नको. तिथल्या काही बोटसेवांचं तिकीट गेटवेला एकदाच काढायचं. त्यात तासाभराचा समुद्र आला आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतची बसही आली. बसवाला तुम्हाला ओळखत नाही, तुमचे पैसेही त्याने घेतलेले नाहीत. तो बोटीच्या तिकिटाला ओळखतो. लॉगिनच्या भाषेत बोट म्हणजे ओळख देणारी कंपनी, बस म्हणजे आपलं ॲप आणि ते चिटोरं म्हणजे टोकन. सोय खरीच आहे, नाहीतर प्रत्येक ॲपसाठी निराळा पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षा मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल सगळीकडे ठोकून देणाऱ्यांचा हा देश आहे. या सोयीचे नियमही व्यवस्थित लिहिलेले आहेत. कचेऱ्यांमध्ये चालणारं सॅमल २.० हे प्रमाण २००५ चं, मोबाइलवर सर्रास चालणारं ओऑथ २.० ऑक्टोबर २०१२ चं आणि त्यावर बेतलेलं ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं. आपलं सरकारही मागे राहिलेलं नाही. डिजिलॉकर २०१५ मध्ये आलं आणि एकाच ओळखीवर अनेक सरकारी सेवांत शिरू देणारं 'मेरी पहचान' २०२२ मध्ये. म्हणजे सातबाऱ्यापासून सुरमई थाळीपर्यंत सगळ्या दारांवर आता एकच भालदार उभा असतो. प्रश्न तो आत कसा सोडतो याचा नाही. 'राहू द्या, नंतर येतो' म्हणणाऱ्याला तो काय म्हणतो, याचा आहे.

किनाऱ्याला हा भालदार नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या समुद्रावर कार्ताझ नावाचा परवाना चालू केला होता. त्यात जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, माल आणि जायचं बंदर, असा सगळा मजकूर असे. चौल-रेवदंड्याच्या त्यांच्या ठाण्यात बसलेला कारकून ज्याला तो कागद देई, त्याला पुढच्या पाण्यावरचा पोर्तुगीज कप्तान न ओळखताही वाट देई. कागदावर विश्वास, माणसावर नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच न्याय आपल्या दस्तकाने लावला आणि मग जे व्हायचं तेच झालं: एकाच समुद्रावर ओळख देणारे अनेक झाले आणि एकमेकांची टोकनं कुणी मानेना. इंग्रजांशी १७१३ मध्ये तह झाला, पण इंग्रजांचं जहाज म्हणजे नेमकं कुठलं, त्यांच्या परवान्याखाली माल पाठवणारा इथला व्यापारी त्यात धरायचा की नाही, हा वाद काही मिटला नाही. आजही 'गेल्या वेळी फेसबुकने आला होतात, आता गूगलने आलात, म्हणजे तुम्ही दुसरेच कुणीतरी' असं सांगून ॲप जेव्हा आपलीच जुनी बुकिंगं आपल्यालाच दाखवत नाही, तेव्हा आंग्रे आणि इंग्रज यांच्यातलंच भांडण आपल्या तळहातावर चालू असतं. मात्र दस्तकाची किंमत ऐकून 'यंदा राहू दे' म्हणत जो व्यापारी धक्क्यावरच थांबला, त्याच्यावर तोफ डागण्याचं कारण कुणाला नव्हतं. परवान्याविना निघालेलं जहाज हा गुन्हा. न निघालेलं जहाज म्हणजे नुसतंच जहाज. तीनशे वर्षांपूर्वीच्या आरमाराला उघड असलेली ही गोष्ट आजच्या लॉगिनच्या पडद्याला उमगलेली नाही.

प्रसंग जवळून पाहू. डोंबिवलीतलं एक घर, नागावच्या दोन खोल्या आणि शनिवार-रविवार. घरातल्या बाईंनी बुकिंगच्या ॲपवर वीस मिनिटं घालवून तारखा भरल्या आहेत, दोन मोठे, दोन लहान, एक गादी जास्त, रात्रीचं जेवण मासळीचं पण सासूबाईंसाठी शाकाहारी, असं सगळं टिपलं आहे. 'पुढे चला' म्हटल्यावर ॲप लॉगिन मागतं. बाई गूगलचं बटण दाबतात. पडद्यावर खाती येतात आणि सगळ्यांत वर दिसतं नवऱ्याच्या ऑफिसचं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की या ॲपला तुमचं नाव, ईमेल आणि संपर्कयादी बघायची आहे. सुरमई खाण्यासाठी आपल्या नणंदेचा फोन नंबर कुणाला का लागावा, हा कुठल्याही शहाण्या बाईला पडणारा प्रश्न त्यांनाही पडतो आणि त्या 'मागे' दाबतात. इथे ॲप कोसळतं. 'अरेरे! काहीतरी चुकलं. त्रुटी १२५०१.' आणि त्या धक्क्याने तारखाही गेल्या, गादीही गेली, सासूबाईंची भाजीही गेली. पडदा पुन्हा पहिल्यासारखा हसून विचारतो, 'कुठे जायचंय?' गंमत त्या आकड्यात आहे. अँड्रॉइडवरच्या गूगल साइन-इनच्या कागदपत्रांत १२५०१ चा अर्थ स्वच्छ दिलेला आहे: वापरणाऱ्याने लॉगिन रद्द केलं. खरोखर लॉगिन फसलं तर आकडा निराळा, १२५००. ॲपलच्या फोनवरही रद्द केल्याचा आकडा स्वतंत्र आहे, १००१. म्हणजे निरोप्याने निरोप अचूक आणून दिला होता, की बाई 'नको' म्हणाल्या. ॲपने तो वाचलाच नाही. लग्नाला यायला जमणार नाही असं कळवावं आणि यजमानाने पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यावी, त्यातला हा प्रकार.

हे आळसातून होतं, दुष्टपणातून नाही. कोड लिहिणारा तरुण आत येण्याची वाट मन लावून बांधतो, कारण साहेबाला दाखवायची तीच असते. बाकीच्या सगळ्या वाटांना मिळून तो एकच पाटी लावतो. आता याच्या शेजारी आपल्या बंदरांची रीत ठेवून पाहा. वादळाच्या इशाऱ्यांसाठी भारतातल्या मोठ्या बंदरांवर एकूण ११ क्रमांकांची बावट्यांची पद्धत आहे. दिवसा नळकांडी आणि शंकू, रात्री दिवे. पहिला क्रमांक म्हणतो, दूर समुद्रात हवा बिघडली आहे, इथे अजून काही नाही. दुसरा म्हणतो, दूरवर वादळ झालंय, बंदर सोडणाऱ्यांनी जपावं. ज्या ३ नंबरच्या बावट्याची बातमी पावसाळ्यात वारंवार वाचायला मिळते, तो म्हणतो, आता वारं तुमच्याच बंदराला गाठणार. असं चढत चढत दहापर्यंत जातं. आणि अकरावा? तो सांगतो, की वेधशाळेशी आमचा संपर्कच तुटला आहे, पण इथल्या अधिकाऱ्याला लक्षणं ठीक दिसत नाहीत. 'आम्हाला माहीत नाही' हे सांगायलाही स्वतंत्र बावटा! ज्या माणसांनी हे ठरवलं त्यांच्याकडे ना सर्व्हर होता ना डिझायनर. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की धक्क्यावर उभ्या असलेल्या तांडेलाला 'अरेरे' सांगून काही उपयोग नाही. त्याला होडी सोडायची का ओढून ठेवायची, हे ठरवायचं असतं.

लॉगिनच्या जगात बावटे नाहीत असंही नाही. ओऑथच्या त्या २०१२ च्या प्रमाणात परवानगीच्या टप्प्यावर काही अडलं तर काय कळवायचं, याचे सात ठरावीक शब्द दिलेले आहेत. त्यांतला एक सांगतो, की परवानगी नाकारली. एक सांगतो, की सर्व्हरमध्ये अनपेक्षित बिघाड आहे. आणखी एक सांगतो, की गर्दी किंवा दुरुस्तीमुळे तूर्तास बंद आहे. उरलेले चार म्हणजे ॲप बांधणाऱ्याच्याच चुका: मागणी चुकीची, परवाना नाही, मागितलेलं भलतंच. ओपनआयडी कनेक्टने त्यात आणखी काहींची भर घातली. म्हणजे पलीकडच्या धक्क्यावर नेमका बावटा फडकत असतो, आणि आपलं ॲप खिडकी बंद करून, पडदे ओढून, आतून ओरडत असतं, 'काहीतरी चुकलं!' अलिबागच्या समुद्रावरचा घोडागाडीवालाही यापेक्षा शहाणा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. पाणी चढायला लागलं असताना कुणी पर्यटक किल्ल्याकडे बोट दाखवून विचारू लागला, तर गाडीवाला 'अरेरे' म्हणत नाही. 'आता नको, पाणी चढतंय. ओहोटीला या,' म्हणतो आणि वेळही सांगतो. एका वाक्यात कारण, मुदत आणि पुढची वाट. तूर्तास बंद असलेल्या सर्व्हरनेही 'इतक्या वेळाने या' असं कळवायची सोय वेबच्या नियमांत आहे. पण ती वापरायची तर भरती-ओहोटी असते हे आधी मान्य करावं लागतं, आणि आमचा समुद्र बारा महिने चोवीस तास ओहोटीतच असतो, अशी प्रत्येक कंपनीची जाहिरात असते.

मग नीट वागणं म्हणजे काय? फार काही नाही. माणूस ज्या धक्क्यावरून निघाला त्याच धक्क्यावर त्याला परत आणायचं, सामानासकट. तारखा, गादी, सासूबाईंची भाजी, सगळं जागच्या जागी. 'लॉगिन झालं नाही' एवढं साध्या काळ्या अक्षरांत सांगायचं, आणि खाली वाटा दाखवायच्या: पुन्हा करून पाहा, दुसरं खातं निवडा, मोबाइल नंबरने या, किंवा लॉगिन न करताच बघत राहा. गेटवेची लाकडी बोट पावसाळ्यात बंद असते म्हणून कुणी अलिबागला जायचं सोडतं का? भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला १५ मार्च २०२० पासून रो-रो आहे, ती नाही तर एसटी आहे, वडखळ नाक्यावर कंबर मोडत का होईना माणूस पोचतो. 'दुसरं खातं निवडा' हे तर फारच महत्त्वाचं. पहिल्यांदा चुकून ऑफिसचं खातं निवडलं, तर पुढच्या प्रत्येक वेळी न विचारता तेच पुढे करण्याची या भालदाराला खोड असते; खाती पुन्हा दाखव, असं ॲपने त्याला सांगता येतं, फक्त सांगायला हवं. याउलट करू नये अशी एक गोष्ट म्हणजे आपण होऊन पुन्हा पुन्हा धाडणं. नकार मिळाला की काही ॲपं माणसाला न विचारता परत लॉगिनकडे ढकलतात, तिथून तो परत येतो, पुन्हा ढकलतात. शेवटी ब्राउझरच हात टेकतो आणि फार वेळा इकडून तिकडे पाठवलं म्हणून खेळ थांबवतो. रेवसवाल्याने मांडव्याला धाडावं आणि मांडव्याने रेवसला, आणि प्रवाशाने अखेर 'भीक नको पण कुत्रं आवर' म्हणावं, त्यातली ही गत.

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा, की माणसाने नाही म्हटलं की यंत्रणेने, हे ॲपला नेहमी कळतच नाही. खरं आहे. ओऑथमधला 'नाकारलं' हा शब्द दोघांच्याही नकाराला वापरायचा आहे. माणसाने मनाई केली तरी तोच आणि सर्व्हरने केली तरी तोच. १२५०१ हा आकडासुद्धा धुतल्या तांदळासारखा नाही, ॲपची नोंदणी चुकीच्या किल्लीने झालेली असली तरीही तो उपटतो आणि भल्याभल्यांच्या रात्री खातो. त्याहून वाईट म्हणजे, माणसाने लॉगिनची खिडकी फुलीवर बोट ठेवून सरळ बंद केली तर निरोपच येत नाही. होडी गेली, परत आली नाही, बुडाली की मुरूडला मुक्काम केला, कोण सांगणार? पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो त्याच्या अगदी उलटा आहे. नक्की माहीत नाही, म्हणून तर दोष देऊ नये. 'लॉगिन पूर्ण झालं नाही' हे वाक्य तिन्ही प्रसंगी खरं ठरतं आणि कुणालाच खुळ्यात काढत नाही. आकडा, तारीख, कुठल्या पायरीवर अडलं, हे सगळं आतल्या नोंदवहीत लिहावं, ते बांधणाऱ्याच्या कामाचं आहे. आणि निरोप न आलेल्यासाठी गोल फिरणारं चक्र जन्मभर फिरवत न ठेवता थोड्या वेळाने थांबवून बटण पुन्हा मोकळं करावं. हाच तर बंदराचा अकरावा बावटा.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. फार बोललं तर चोराला वाट सापडते, असं म्हणतात. 'या ईमेलचं खातं आहे, पण पासवर्ड चुकला' असं सांगणं म्हणजे 'घरात माणूस आहे, पण कडी नीट लागलेली नाही' असं ओरडून सांगणं. मान्य. परत येणारा निरोप आपणच धाडलेल्या मागणीचा आहे की कुणी मधेच घुसडला, हे पडताळण्यासाठी जी खूण सोबत द्यायची असते ती जुळली नाही, तर दार उघडू नये, हेही मान्य; ते तर प्रमाणातच सांगितलं आहे. पण रद्द करणाऱ्याला 'तुम्ही रद्द केलंत' हे सांगण्यात कुठलं गुपित फुटतं? ते त्याला आधीच ठाऊक असतं, त्यानेच तर केलंय. आणि सुटकेची वाट ठेवली की तटबंदी कच्ची होते, असं मानणाऱ्यांनी राजपुरीहून शिडाची होडी धरून एकदा जंजिऱ्यात जावं. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगडांचा भराव घालायला घेतला, तरी तो किल्ला सिद्द्यांच्या हातून सुटला नाही. त्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. भालदार असावा तर असा. पण त्याच किल्ल्याला मागच्या अंगाला, समुद्राकडे, दर्या दरवाजा ठेवलेला आहे, प्रसंग पडला तर बाहेर पडायला. कुणाला आत येऊ न देण्यात ज्यांनी नाव कमावलं, त्या सिद्द्यांनीही आतल्या माणसाची बाहेर जायची सोय केली होती. सुरक्षा आणि सौजन्य यांचं वैर किल्लेदारांनी मानलं नाही. ते ॲपवाल्यांनी उकरून काढलेलं आहे.

तिसरा आक्षेप धंद्याचा आणि तो बैठकीत सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला जातो: रद्द करणारा गेला तर गेला, जे पुढे जातात त्यांच्याकडे बघू. हा हिशेब कच्चा आहे. परवानगीच्या पडद्यावर थबकून वाचणारा माणूस म्हणजे गिऱ्हाइकांतला सगळ्यांत सावध माणूस. तो भाडं आगाऊ भरतो, पावती जपतो आणि नीट वागवलं तर दरवर्षी येतो. त्यालाच लाल अक्षरांत हिडीसफिडीस करायचं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. नागाव-आक्षीच्या घरगुती खानावळींना हे शास्त्र न शिकवता येतं. आधी पाटीवरचा आजचा मासा दिसतो, मग हात धुवायची जागा, मग ताट. आधारची झेरॉक्स मागतात ती खोलीची किल्ली हातात देताना, पाणी देताना नाही. ॲपनेही लॉगिन शेवटच्या पायरीवर मागितलं आणि नणंदेचे नंबर मागितलेच नाहीत, तर निम्मे नकार जन्मालाच येणार नाहीत. शिवाय आता कायद्याचंही म्हणणं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळ्या मनाने, समजून-उमजून दिलेली असावी लागते, दिलेली संमती देण्याइतक्याच सहजतेने मागे घेता यावी लागते, आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय असावी लागते. ज्या देशाचा कायदा 'हो' म्हटल्यानंतरसुद्धा 'नको' म्हणू देतो, तिथे 'हो' म्हणायच्या आधीच 'नको' म्हटलं तर ती त्रुटी कशी? तो हक्क आहे, आणि हक्काला उद्गारचिन्ह लावायचंच असेल तर ते आपण लावू.

ही सगळी चेष्टा खोलीच्या बुकिंगपुरती होती, म्हणून हसता आलं. हेच भालदार सरकारी दारांवर बसतात तेव्हा हसू आवरतं घ्यावं लागतं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या एखाद्या वाडीत म्हाताऱ्या आईच्या कागदपत्रांना जोडलेला नंबर नालासोपाऱ्यातल्या मुलाचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, तो लोकलच्या दारात एका हाताने लोंबकळत असतो, आणि इकडे ई-सेवा केंद्रातल्या खुर्चीत मुदत मिनिटामिनिटाने सरत असते. डोंगराच्या आडोशाला रेंज एका काठीवर आलेली असते. अशा वेळी पडद्याने 'काहीतरी चुकलं' म्हटलं, की त्या बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आपला अंगठा, आपलं नाव, आपलं नशीब. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा वचन असं होतं, की यापुढे ओळख पटवायला कुणाच्या पाया पडावं लागणार नाही. ते वचन यंत्र बंद पडल्याने मोडत नाही. यंत्रं बंद पडायचीच. बंद पडलेलं यंत्र समोरच्या माणसाकडे बोट दाखवतं, तेव्हा ते मोडतं. 'मुदत संपली आहे, भरलेला अर्ज जपून ठेवला आहे, उद्या इथूनच पुढे करा' ही एक ओळ लिहायला अर्धा तास लागतो. ती ओळ नसली तर कुणाचा तरी एसटीचा अख्खा दिवस जातो.

आणि पर्याय ठेवायचा म्हणजे किती मनापासून, हे पाहायलाही अलिबागलाच यावं लागतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विजेने नाजूक उपकरणं बहकणार, हे उघड होतं. ट्राम तर थांबवता येत नव्हत्या. मग वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तेव्हा अलिबागचा जिल्हाही कुलाबाच होता, रायगड हे नाव १९८१ चं. म्हणजे कुलाब्याहून कुलाब्याला केलेलं हे रीडायरेक्ट, तरीही कुठे अडकलं नाही. कारण नवी चालू झाली म्हणून जुनीला लगेच टाळं ठोकलं गेलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, एकीचे आकडे दुसरीशी ताडून पाहिले आणि मगच कुलाब्याची उपकरणं थांबली. बिघाड होण्याआधी बिघाडाचा विचार, जुन्या वाटेवरचा माणूस नव्या वाटेवर सामानासकट पोचेपर्यंत जुनी वाट चालू आणि मधे एकही 'अरेरे' नाही. त्या जोडकामामुळे मुंबई-अलिबागची नोंदींची साखळी जवळपास दोन शतकं न तुटता चालत आली आहे आणि चुंबकीय वादळांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही तिच्याकडे वळतात. त्यांच्यात कुणी समोरच्या आकड्यांकडे बोट दाखवून 'हे अलिबागहून आलंय का?' असं विचारलं, तर त्यात कुणाला खुळ्यात काढायचा हेतू नसतो. आकडे भरवशाचे आहेत ना, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची असते.